खेळ कुणाचा? कल्पना करणाऱ्याचा की यंत्राला शिकवणाऱ्याचा?

रविवारची दुपार. जेवणे आटोपली आहेत. घरात मोबाईल एकच आणि तो धाकट्याच्या हातात. पडद्यावर एक माणूस धावतो, उडी मारतो, खड्ड्यात पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून धावू लागतो. आई ओरडते, "पुरे झाले आता, डोळे जातील!" वडील म्हणतात, "एवढा वेळ पुस्तक धरले असतेस तर पहिला आला असतास." हे दृश्य आज बहुतेक घरांत दिसते. मुलांनी व्हिडिओ गेम किती वेळ खेळावा, या प्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आपण त्याच खेळाची दुसरी बाजू पाहू. हा खेळ कुणीतरी बनवलेला आहे. त्यामागे माणसांची नोकरी आहे, जागरण आहे, रुसवेफुगवे आहेत आणि मानापमानही आहे.

ही बाजू पाहण्याचे कारण असे की, बारावीला गेलेला मोठा मुलगा किंवा मुलगी आता घरात विचारू लागली आहे, "मला गेम बनवायचे आहेत. प्रोग्रामिंग शिकू की डिझाइन?" आईवडिलांपाशी उत्तर नसते. मग शेजारचे एक जाणकार सांगतात, "डिझाइन म्हणजे नुसत्या कल्पना. त्याने पोट भरत नाही. प्रोग्रामिंग घ्या." दुसरे जाणकार सांगतात, "प्रोग्रामर पैशाला पासरी मिळतात. डोक्यात कल्पना असेल तोच मोठा होतो." दोघेही ठामपणे बोलतात आणि दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे असते. अर्ध्या माहितीवर मुलांचे भवितव्य ठरू नये, म्हणून या धंद्याचा इतिहास थोडा उलगडून पाहू.

दोघांचे काम काय?

प्रथम शब्द समजून घेऊ. गेमचा डिझायनर म्हणजे चित्रे काढणारा, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. चित्रे काढणारा चित्रकार वेगळा, संगीत देणारा वेगळा. डिझायनर हा खेळाचे नियम ठरवतो.

आपल्या वस्तीतली मुले लंगडी खेळतात तेव्हा एखादा लहान भाऊ हट्टाने मध्ये येतो. मुले त्याला 'कच्चा लिंबू' करतात. तो खेळेल, पण बाद होणार नाही. त्यामुळे लहानग्याला खेळायला मिळते आणि मोठ्यांचा खेळही बिघडत नाही. हा नियम ज्या कुणा मुलाने प्रथम काढला, तो डिझायनरच होता. किती गड्यांचा डाव, आखणी केवढी, बाद कधी, डाव संपला कधी म्हणायचे, हे सगळे ठरवणे म्हणजे डिझाइन.

आता प्रोग्रामरचे काम पाहू. मैदानावरच्या मुलांना 'कच्चा लिंबू' एवढे दोन शब्द पुरतात. यंत्राला ते पुरत नाहीत. हा मुलगा कोण, तो कुठे उभा आहे, त्याला हात लागला हे कसे ओळखायचे, हात लागूनही बाद का धरायचे नाही, तो रेषेबाहेर गेला तर काय करायचे, हे सगळे यंत्राला एकेक करून, त्याच्या भाषेत, चूक न करता सांगावे लागते. एक गोष्ट सांगायची राहिली तर यंत्र समजून घेत नाही. ते थांबते किंवा भलतेच काहीतरी करते. यंत्राला असे शिकवणारा तो प्रोग्रामर.

म्हणजे एकाने 'काय व्हावे' हे ठरवायचे आणि दुसऱ्याने 'ते कसे व्हावे' हे पाहायचे. ऐकायला वाटणी सोपी आहे. पण खरा खेळ तयार होताना ही रेघ पुसली जाते आणि तिथेच वाद सुरू होतो.

जेव्हा दोघे एकच होते

सुरुवातीच्या काळात हा वाद नव्हता, कारण दोन्ही कामे बहुधा एकच माणूस करी. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीने 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ आणला. आकाशातून परग्रहावरच्या शत्रूंच्या रांगा खाली उतरतात आणि खेळणाऱ्याने त्यांना टिपायचे, असा तो खेळ. तो तोमोहिरो निशिकादो या अभियंत्याने बनवला. खेळाची कल्पना त्यांची, चित्रे त्यांची, प्रोग्रॅम त्यांचा आणि ज्या यंत्रावर तो चालायचा त्याची जुळणीही त्यांचीच.

त्यात एक मजेची गोष्ट घडली. पडद्यावर एकूण ५५ शत्रू होते. एवढ्यांना एकाच वेळी हलवणे त्या काळच्या यंत्राला झेपत नव्हते, म्हणून ते हळूहळू सरकत. खेळणारा एकेक शत्रू टिपू लागला की यंत्रावरचा भार कमी होई आणि उरलेले शत्रू आपोआप वेगाने सरकू लागत. शेवटचा एकटा उरलेला तर सुसाट पळे. खरे म्हणजे ही यंत्राची अडचण होती. पण निशिकादो यांच्या लक्षात आले की यामुळे खेळ शेवटी शेवटी अधिक रंगतो. त्यांनी ती अडचण तशीच ठेवली. पुढे लाखो लोकांना त्या वाढत्या वेगाने झपाटून टाकले.

आता सांगा, हे काम डिझायनरचे की प्रोग्रामरचे? यंत्र का अडते हे कळायला प्रोग्रामरची दृष्टी लागली. त्या अडण्यात गंमत आहे हे ओळखायला डिझायनरची दृष्टी लागली. दोन्ही दृष्टी एकाच माणसापाशी होत्या, म्हणून ती संधी वाया गेली नाही.

अमेरिकेतही तसेच होते. अटारी कंपनीचे घरात खेळायचे यंत्र १९७७ साली बाजारात आले. त्याची कामापुरती स्मरणशक्ती अवघी १२८ बाइटची. इंग्रजी १२८ अक्षरे म्हणजे पोस्टकार्डावरच्या चार-पाच ओळी. एवढ्याशा जागेत खेळ चालवायचा. एकच माणूस महिनोन्महिने बसून कल्पना, चित्र, आवाज आणि प्रोग्रॅम असे सारे करी.

खेळावर नाव मात्र कंपनीचे

एवढे काम करणाऱ्या माणसाचे नाव मात्र खेळावर कुठेच नसे. डबा रंगीत, त्यावर नाव कंपनीचे. खेळ कोट्यवधी डॉलर मिळवीत आणि बनवणारा ठराविक पगार घेऊन घरी जाई. अटारीतील डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी आपले खेळ किती खपतात याचा हिशोब पाहिला आणि कंपनीच्या प्रमुखांकडे जाऊन नाव व वाजवी मोबदला मागितला. क्रेन यांनी पुढे सांगितले की त्यांना मिळालेले उत्तर साधारण असे होते : कारखान्यात डबे जुळवणाऱ्या कामगारापेक्षा तुमचे महत्त्व अधिक नाही.

या उत्तरात चौघांचा अपमान तर आहेच. पण डबे जुळवणाऱ्या कामगाराचाही आहे, हे आपल्या लक्षात आल्याशिवाय राहणार नाही. जणू त्याला काही किंमत नाही हे सर्वांना मान्यच आहे!

चौघे बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी 'ॲक्टिव्हिजन' ही कंपनी उभी केली. तिथे खेळाबरोबर तो बनवणाऱ्याचे नाव छापण्याची प्रथा पडली. १९८२ साली क्रेन यांचा 'पिटफॉल' हा खेळ आला. त्यात जंगलाची २५५ दृश्ये होती. एवढी दृश्ये साठवायला जागा नव्हती. क्रेन यांनी गणिताची अशी युक्ती केली की पन्नासेक बाइटच्या प्रोग्रॅममधून ती सगळी दृश्ये एकामागून एक तयार होत. प्रोग्रामरची ती युक्ती नसती तर डिझायनरचे जंगल कागदावरच राहिले असते. पिटफॉलच्या चाळीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

अटारीतच राहिलेल्या वॉरन रॉबिनेट या तरुणाने वेगळा मार्ग काढला. 'ॲडव्हेंचर' या आपल्या खेळात त्याने एक गुप्त खोली बनवली. पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक बारीकसा ठिपका उचलून नेला तरच त्या खोलीत जाता येई आणि आत काय, तर हा खेळ वॉरन रॉबिनेटने बनवला, एवढेच लिहिलेले. कंपनीत कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. तो नोकरी सोडून गेल्यावर एका शाळकरी मुलाला ती खोली सापडली आणि त्याने कंपनीला पत्र लिहून कळवले. आज खेळांत अशा गुप्त जागा हौसेने ठेवतात आणि मुले त्या शोधून काढतात. त्या प्रथेच्या मुळाशी आपले नाव कुठेतरी राहावे अशी धडपड होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

कल्पना एकाची, हात दुसऱ्याचे

पुढे यंत्रांची ताकद वाढली, खेळ मोठे झाले आणि एका माणसाला सारे झेपेना. कामाची वाटणी झाली. जपानच्या नॅमको कंपनीतील तोरू इवातानी हे प्रोग्रामर नव्हते. त्या काळी खेळांचे अड्डे म्हणजे मुलग्यांचे राज्य. तिथे मुलींनी आणि जोडप्यांनीही यावे, असे इवातानींना वाटे. म्हणून मारामारी सोडून त्यांनी खाण्यावर खेळ काढला. १९८० सालचा तो 'पॅकमॅन'. पिवळा गोल, मोठे तोंड, ठिपके खात सुटलेला आणि मागे चार रंगांची भुते.

चारही भुतांनी एकसारखेच मागे लागायचे नाही, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा हवा, ही इवातानींची कल्पना. तांबडे भूत सरळ पाठलाग करते. गुलाबी भूत पुढे जाऊन वाट अडवू पाहते. निळे भूत तांबड्याचा अंदाज घेऊन डाव टाकते. नारिंगी भूत जवळ आले की उलट आपल्या कोपऱ्याकडे पळते. आता 'स्वभाव वेगळा' हे दोन शब्द यंत्राला कसे कळणार? शिगेओ फुनाकी या प्रोग्रामरने ते आकड्यांत बसवले. गुलाबी भुताने पॅकमॅनच्या चार घरे पुढच्या जागेवर नेम धरायचा, असा तो हिशोब. इवातानींचे नाव जगभर झाले. फुनाकी हे नाव खेळ खेळलेल्यांपैकीही फारसे कुणी ऐकलेले नाही.

याच खेळात आणखी एक गोष्ट आहे. पॅकमॅनला शेवट असा ठेवलेलाच नव्हता. खेळणारा जिंकत राहील तोवर पुढची पायरी येत राहावी. पण पायऱ्या मोजण्यासाठी प्रोग्रॅममध्ये फक्त एक बाइट जागा होती आणि एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच आकडा मावतो. कुणी कसलेला खेळाडू २५६ व्या पायरीवर पोचला की हिशोब कोलमडतो. पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि रंगांच्या कचऱ्याने भरून जातो आणि खेळ पुढे सरकत नाही. खेळाला अंत नाही असे डिझाइन म्हणत होते. अंत कुठे, ते एका बाइटने ठरवले.

१९८१ साली निन्टेंडो कंपनीचा 'डाँकी काँग' आला. तो शिगेरू मियामोटो यांच्या कल्पनेचा. वस्तूंच्या रचनेचे शिक्षण घेऊन ते १९७७ साली कंपनीत चित्रकार म्हणून लागले होते. प्रोग्रामिंग त्यांना येत नव्हते. वानर पिंपे फेकतो आणि छोटा सुतार उड्या मारत शिड्या चढतो. हाच सुतार पुढे 'मारिओ' म्हणून जगप्रसिद्ध झाला आणि त्याच्याबरोबर मियामोटोही.

पण या खेळाचा प्रोग्रॅम निन्टेंडोत लिहिला गेलाच नव्हता. तो इकेगामी त्सुशिन्की नावाच्या दुसऱ्या कंपनीतील अभियंत्यांनी लिहिला होता. त्यांनी प्रोग्रॅमच्या पोटात एक निरोप दडवून ठेवला. प्रोग्रॅम उघडून तपासणाऱ्याचे अभिनंदन, आपल्या कंपनीचे नाव आणि टेलिफोन नंबर! खेळणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. या प्रोग्रॅमवर हक्क कुणाचा, यावरून इकेगामीने १९८३ साली निन्टेंडोवर दावा लावला आणि १९९० साली दोघांत तडजोड झाली. अटारीतला तो तरुण आणि जपानमधले हे अभियंते एकमेकांना ओळखतही नसतील. पण दोघांनी एकच केले. जिथे कुणी पुसू शकणार नाही तिथे आपले नाव लिहिले.

'डिझाइन हाच कायदा'

आता ज्या गोष्टीवरून आपला मूळ प्रश्न सर्वांत चांगला कळतो, ती पाहू. अमेरिकेत १९९१ साली काही तरुणांनी 'आयडी सॉफ्टवेअर' ही कंपनी काढली. त्यांतले दोघे महत्त्वाचे, जॉन कारमॅक आणि जॉन रोमेरो. दोघेही प्रोग्रामर. पण कारमॅकचा जीव यंत्रात आणि रोमेरोचा जीव खेळण्यात. कारमॅकने साध्या घरगुती कॉम्प्युटरवर खोल्या, बोळ आणि जिने झपाट्याने पडद्यावर काढून दाखवण्याचे तंत्र बसवले. रोमेरोने नकाशे बनवण्याची साधने तयार केली आणि त्या बोळांत भीती कुठे वाटावी, श्वास कुठे रोखला जावा, हे ठरवले. १९९३ च्या डिसेंबरात त्यांचा 'डूम' आला आणि जगभर गाजला.

डूममध्ये एक शहाणपणाची गोष्ट होती. खेळ चालवणारा प्रोग्रॅम एकीकडे आणि नकाशे, चित्रे, आवाज दुसऱ्या फाइलीत, अशी मांडणी केली होती. त्यामुळे खेळणाऱ्यांना स्वतःचे नकाशे बनवून त्यात घालता आले. प्रोग्रामिंग न येणारी हजारो मुले त्यामुळे डिझायनर झाली. चांगला प्रोग्रामर दुसऱ्याच्या कल्पनेला दार कसे उघडून देतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पण पुढचा 'क्वेक' हा खेळ बनवताना घडी विस्कटली. कारमॅकचे नवे तंत्र तयार व्हायला फार वेळ लागला. तंत्र तयार नाही, तर त्यावर खेळ कसा रचणार? रोमेरोच्या मनात वेगळ्याच प्रकारचा भव्य खेळ होता. थकलेल्या मंडळींनी शेवटी पूर्वीसारखाच गोळीबाराचा खेळ पुरा केला. १९९६ च्या जूनमध्ये क्वेक आला, तंत्राची वाहवा झाली आणि ऑगस्टमध्ये रोमेरोला कंपनी सोडावी लागली.

रोमेरोने त्याच वर्षी मित्रांसह 'आयन स्टॉर्म' ही नवी कंपनी काढली आणि तिचे ब्रीद ठेवले 'डिझाइन हाच कायदा'. म्हणजे डिझायनर सांगेल ते तंत्राने निमूटपणे करायचे. डॅलस शहरात उंच इमारतीच्या माथ्यावर थाटाचे ऑफिस झाले. 'डायकाटाना' हा भव्य खेळ १९९७ च्या नाताळात येणार असे जाहीर झाले. त्यासाठी रोमेरोने कारमॅकच्याच क्वेकचे तंत्र विकत घेतले होते. मग 'क्वेक २' चे तंत्र अधिक सरस दिसले, तेव्हा सारे काम त्यावर हलवायचे ठरले. ते काम सोपे नव्हते. महिन्यामागून महिने गेले. १९९८ च्या नोव्हेंबरात मंडळींतले बरेच जण एकाच वेळी सोडून गेले. शेवटी २००० सालच्या मे महिन्यात खेळ आला, तोवर तो जुना झाला होता. टीका इतकी झाली की आजही फसलेल्या खेळाचे उदाहरण म्हणून त्याचे नाव घेतात. २००१ साली डॅलसचे ते ऑफिस बंद झाले.

म्हणजे कारमॅक जिंकला का? तसेही नाही. आयडी सॉफ्टवेअरने २००४ साली 'डूम ३' आणला. प्रकाश आणि सावली दाखवण्याच्या त्यातल्या तंत्राचे फार कौतुक झाले. पण सगळीकडे काळोख आणि खेळणाऱ्याला एका वेळी एक तर बॅटरी हातात धरता येई नाही तर बंदूक! लोक वैतागले. काही जणांनी घरी बसून बंदुकीवरच बॅटरी चिकटवण्याची सोय करून घेतली. पुढे २०१२ च्या आवृत्तीत खुद्द कंपनीनेही दोन्ही एकदम वापरण्याची सोय दिली.

जिथे सारे एका टेबलाभोवती बसले

या दोन्ही फजित्यांच्या मधोमध एक तिसरी गोष्ट आहे. १९९६ साली 'व्हॉल्व्ह' ही नवी कंपनी निघाली. तिनेही क्वेकचेच तंत्र विकत घेतले आणि त्यात पुष्कळ भर घातली. १९९७ च्या अखेरीस त्यांचा खेळ जवळजवळ झाला होता. पण त्यांनी स्वतः खेळून पाहिला, तेव्हा तो रंगत नाही हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले आणि बराचसा भाग टाकून देऊन पुन्हा सुरुवात केली. या वेळी एकच मोठा डिझायनर न नेमता प्रोग्रामर, नकाशे बनवणारे, चित्रकार, लेखक असे वेगवेगळ्या कामाचे थोडे थोडे लोक एकत्र बसवले. एखादी कल्पना निघाली की ती यंत्रावर होईल का, हे सांगणारा तिथेच बसलेला. तंत्राने नवे काही साधले की त्याचा खेळात उपयोग काय, हे सांगणाराही तिथेच. मग बाहेरच्या माणसाला बोलावून खेळायला बसवायचे, आपण मागे गप्प बसून त्याची अडचण लिहून घ्यायची आणि दुरुस्ती करायची. १९९८ च्या नोव्हेंबरात 'हाफ लाइफ' आला आणि या क्षेत्रातील श्रेष्ठ खेळांत त्याची गणना झाली.

क्वेकचे तंत्र रोमेरोपाशीही होते आणि व्हॉल्व्हपाशीही. फरक पडला तो एकमेकांचे ऐकून घेण्याने. जपानमध्येही १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' असाच झाला. मियामोटो आणि ताकाशी तेझुका चौकटीच्या कागदावर मारिओची वाट आखत. तोशिहिको नाकागो यांच्या हाताखालचे प्रोग्रामर ती यंत्रात उतरवत. मग खेळून पाहायचे, चुका काढायच्या, पुन्हा आखायचे. सारा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता, म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांना एकच आकृती वापरली. फक्त रंग बदलला. आपल्या मुलांना दाखवा, त्यांना गंमत वाटेल. मारिओची उडी किती उंच, बटण थोडे दाबले तर किती, हवेत असताना त्याला किती वळू द्यायचे, हे कागदावर ठरत नाही. आकडा बदलायचा, उडी मारून पाहायची, पुन्हा आकडा बदलायचा. ही उडी डिझाइन आहे की प्रोग्रॅम, हे बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

मग मोठा कोण?

या सगळ्यातून काय निघते? प्रोग्रॅम बिघडला तर खेळ चालत नाही आणि हे लगेच सर्वांना दिसते. डिझाइन बिघडले तर खेळ चालतो, पण कुणी खेळत नाही आणि हे उशिरा, पैसे संपल्यावर दिसते. म्हणून प्रोग्रामरशिवाय भागत नाही हे मालकाला पटकन कळते आणि डिझायनर कशाला हवा, असे त्याला वाटू शकते. उलट खेळ गाजला की लोकांना गोष्ट आठवते, पात्र आठवते. म्हणून नाव कल्पना करणाऱ्याचे होते आणि यंत्राला शिकवणारा मागे राहतो. एकाची गरज दिसते पण मान दिसत नाही, दुसऱ्याचा मान दिसतो पण गरज दिसत नाही. कोण मोठा हा वाद बहुतेक वेळा या दिसण्या-न दिसण्याचा असतो.

कल्पना आधी पूर्ण होते आणि नंतर कुणीतरी ती राबवतो, असे गेमच्या धंद्यात होत नाही. राबवतानाच ती पूर्ण होते. प्रोग्रामर दिवसभरात जे शंभर बारीक निर्णय घेतो, त्यांतले निम्मे खेळाचे नियमच असतात. आणि ज्या डिझायनरला यंत्राची ताकद ठाऊक नाही, तो मनातले मांडे खात बसतो. ज्या कंपनीने दोघांपैकी एकाला डोके आणि दुसऱ्याला नुसते हात समजले, तिथे काम अडले किंवा माणसे निघून गेली. आपण नुसते हात नाही, हे सांगण्यासाठी कुणाला गुप्त खोली बांधावी लागली आणि कुणाला कोर्टाची पायरी चढावी लागली.

आपल्या मुलांसाठी

आज परिस्थिती थोडी बदलली आहे. खेळ चालवणारे मूळ तंत्र, ज्याला 'इंजिन' म्हणतात, ते तयार मिळते. अनरियल इंजिन १९९८ पासून, युनिटी २००५ पासून आहे. गोडो नावाचे इंजिन तर पूर्णपणे मोफत आहे. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या लहान कंपनीने २०२० साली 'राजी' हा खेळ जगाच्या बाजारात आणला, तो अनरियल इंजिनावरच. त्यामुळे आता प्रोग्रामरची गरज उरली नाही, असे कुणी म्हणेल. तसे नाही. तयार पीठ दुकानात मिळते म्हणून भाकरी आपोआप थापली जात नाही. आणि ते इंजिन बनवणारे शेकडो प्रोग्रामर त्या प्रत्येक खेळात आहेतच, फक्त आपल्याला दिसत नाहीत.

दोन्ही कामे एकट्याने करणारेही अजून आहेत. २०१६ साली आलेला 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने एकट्याने चार वर्षांहून अधिक काळ खपून बनवला. प्रोग्रॅम, चित्रे आणि संगीत, सारे त्याचेच.

तेव्हा मुलाने विचारले, "प्रोग्रामिंग शिकू की डिझाइन?" तर त्याला सांगावे की, ज्याची ओढ आहे ते मुख्य धर, पण दुसऱ्याची तोंडओळख सोडू नकोस. नियम रचायची आवड असेल तर थोडे प्रोग्रामिंग शीक, म्हणजे शक्य काय आणि अशक्य काय ते कळेल. यंत्राची आवड असेल तर लोकांना खेळताना बघायला शीक, म्हणजे आपण लिहिले ते कुणासाठी हे कळेल. सुरुवातीला मोठी फी भरून कोणत्याही क्लासला जाण्याची गरज नाही. 'स्क्रॅच' हे मुलांसाठीचे साधन २००७ पासून मोफत उपलब्ध आहे आणि शाळेतल्या किंवा वाचनालयातल्या कॉम्प्युटरवरही चालते. कॉम्प्युटर नसेल तर पुठ्ठा, फासा आणि चार सोंगट्या घेऊन नवा खेळ रचावा, बहीणभावंडांना खेळायला लावावा आणि ते कुठे कंटाळतात ते पाहून नियम बदलावा. मोठमोठ्या कंपन्यांतही सुरुवात पुष्कळदा अशी कागदावरच होते.

आणि एक छोटी गोष्ट. मुलगा एखादा खेळ संपवतो तेव्हा शेवटी पडद्यावर नावांची लांबलचक यादी खालून वर सरकत जाते. मुले ती ओलांडून पुढे जातात. एखाद्या रविवारी त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, "थांब, वाचू या." डिझायनर कोण, प्रोग्रामर कोण, आवाज कुणाचा, खेळून चुका शोधणारे कोण. ही नावे तिथे सहजासहजी आलेली नाहीत.